शहाणी म्हणायची बंदी

आमच्या घरात मला शहाणी म्हणायला बंदी होती. ही बंदी आत्तीनं, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीनं घातली होती, आणि ती मोडायची छाती इटलीत जर्मनांच्या तोफांपुढं उभे राहून आलेल्या आबांचीही नव्हती. माझ्या आधी आईची दोन मुलं गेलेली. दोन्ही बाळसेदार, दोन्ही गोरीगोमटी, आणि दोघांचंही गावानं तोंडभरून कौतुक केलेलं. गावात डॉक्टर नव्हता, पावसाळ्यात विहिरीचं पाणी ताकासारखं गढूळ व्हायचं, पण आत्तीनं या सगळ्यातून एकच धडा घेतला: कौतुकानं पोरं मरतात. म्हणून मी झाले तेव्हा नशिबाला चकवायची तिनं जय्यत तयारी ठेवली होती. बाराव्या दिवशी मला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची एक म्हातारी ठरल्याप्रमाणं आली, "कुनी गं टाकलंया हे?" म्हणाली आणि मला उचलून आपल्या घरी घेऊन गेली. मग आईनं तिच्या दारात जाऊन पसाभर कोंडा दिला आणि मला विकत आणलं. केरातून उचललेली म्हणून नाव केराबाई. वर्गात पुढं दोन धोंडू, एक दगडू आणि एक उकिर्डा होता, त्यामुळं नावाचं मला कधी काही वाटलं नाही. त्या काळी आमच्या भागात आईबापांनी जीव ओवाळून टाकलेली पोरं अशा नावांवरूनच ओळखू यायची.

नावावर भागलं असतं तर बरं होतं. पण आत्तीचं काम कधी अर्धवट नसे. पाहुणा आला की मला ओसरीवर उभं करायचं आणि माझी निंदा करायची, हा आमच्याकडच्या पाहुणचाराचा भाग होता. आधी गूळपाणी, मग माझी निंदा, मग चहा. "ही बगा आमची केरी. नुसता माठ हाय. येक काम धड न्हाई, येक गोष्ट ध्यानात ऱ्हात न्हाई," असं आत्ती म्हणे, आणि पाहुणा जाणता असला तर तोही हातभार लावी. "व्हय की वं, तोंडावरनंच दिसतंया," असं तो म्हणाला की आत्ती खूश होऊन चहात आणखी थोडा गूळ घाली. एखादा परगावचा पाहुणा चुकून "पोरगी चुणचुणीत आहे हं" असं बोलून जाई. तो वेशीबाहेर पडायच्या आत मीठमोहऱ्या माझ्यावरून उतरून चुलीत पडलेल्या असत. हे सगळं सटवाईला ऐकू जावं म्हणून चाललेलं असे. सटवाई म्हणजे पाचवीच्या रात्री येऊन पोराच्या कपाळावर नशीब लिहून जाणारी देवी. तिनं ऐकावं आणि म्हणावं, हे पोर न्यायच्या लायकीचं नाही, पडू दे इथंच. आईला हे ठाऊक होतं, आबांना ठाऊक होतं, गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असावं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला. सटवाई फसली की नाही कुणास ठाऊक, मी मात्र पुरती फसले.

आबा लढाई संपल्यावर घरी आले ते एक ट्रंक, एक शिट्टी आणि फौजेतले पाचपंचवीस शब्द घेऊन. सकाळी शिट्टी वाजली की सगळ्या घरानं अंगणात यायचं, अशी त्यांची ऑर्डर होती. पहिले आठ दिवस बैलांसकट सगळे बिचकले. नवव्या दिवशी आत्तीनं "नामा, ती पिपानी गप कर, म्हस पान्हा चोरतीया," असं सांगितलं आणि शिट्टी ट्रंकेत गेली. फौजेतल्या शब्दांपैकी 'फालतू' हा शब्द त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता. "ए फालतू, तंबाखू आन." "फालतू जेवली काय?" आत्तीच्या बंदीत बसेल अशी माया करायचा त्यांना तेवढाच मार्ग सापडला होता, असं मी आज म्हणते. तेव्हा मी तंबाखू नेऊन देई आणि फालतू म्हणजे काय ते मनात घोळवत बसे. आई फारसं बोलत नसे. पहाटे जात्याची घरघर, मग मळ्यातल्या मोटेच्या चाकाची कुरकुर, मग भाकरी थापल्याचा आवाज, अशी आमची सकाळ उजाडायची, आणि त्या भाकरीवर आई माझ्या वाटणीचा लोण्याचा गोळा सगळ्यांपेक्षा मोठा ठेवायची. ठेवताना म्हणायची, "खा, माठा." लोणी खरं होतं आणि माठही खरा, असा मी सरळ हिशेब केला. माठाला लोणी जास्त का, हा प्रश्न मला पडला नाही. माठच ना मी.

शाळेत जाईपर्यंत हे माठपण माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की शिकण्याची मला भीतीच वाटत नव्हती. ज्याला काही येणारच नाही त्याला भ्यायचं काय कारण? गंमत अशी की मला सगळं येत होतं. पाढे एकदा ऐकले की पाठ व्हायचे, गणिताचं उत्तर मास्तर सांगून संपायच्या आत डोक्यात तयार असायचं. मी ते पाटीवर लिहायची. मग माझ्या लक्षात यायचं की हे उत्तर मला सुचलंय, म्हणजे ते चूकच असणार. मी थुंकीनं अंगठा ओला करून ते पुसायची आणि शेजारच्या रांगेतल्या जयसिंगाच्या पाटीकडं बघून त्याचं उत्तर उतरवायची. जयसिंग पाटलाचा मुलगा. त्याच्या घरात त्याला राजा म्हणायचे. तो उत्तर लिहायचा नाही, ठोकून द्यायचा, आणि लिहून झाल्यावर मांडी ठोकायचा. इतक्या ठामपणे लिहिलेलं उत्तर चूक असू शकतं हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. पाच वर्षं मी त्या गाढवाचं उत्तर उतरवलं आणि पाच वर्षं आम्ही दोघं मिळून छड्या खाल्ल्या. तो पुढं मोठा माणूस झाला, मोटारीतून फिरला, हारतुऱ्यांखाली त्याची मान वाकली. आकडे त्याचे शेवटपर्यंत चुकले, पण मांडी ठोकायचा तो कधी चुकला नाही, आणि त्याचं बघून लिहिणारी माणसं त्याला जन्मभर मिळत गेली. मी निदान वेळीच थांबले.

थांबले ते साताऱ्याहून बदलून आलेल्या शिंदे मास्तरांमुळं. हडकुळा माणूस, डोळ्याला जाड चष्मा, आणि पोरांना छडी मारण्याआधी चूक कुठं झाली ते बघायची त्यांना वाईट खोड होती. सहावीत असताना एकदा त्यांनी माझी पाटी हातात घेतली, छडी उचलली, आणि मग पाटी खिडकीकडं तिरपी धरून बराच वेळ बघत राहिले. मी पेन्सिल दाबून लिहायची. अक्षर पुसलं तरी दगडावर ओरखडा राहायचा.

"इथं आधी काय लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई जी."

"बहात्तर लिहिलं होतंस. बहात्तरच बरोबर आहे. मग पुसून अठरा का केलंस?"

मी अंगठा मुठीत लपवला.

"हे अठरा कुणाचे?"

मी जयसिंगाकडं बघितलं. जयसिंगानं मांडी ठोकली. मास्तरांनी छडी खाली ठेवली, आणि त्या दिवसापासून आठवडाभर ते रोज माझी पाटी उजेडात धरून वरचं उत्तर सोडून खालचा ओरखडा तपासू लागले. आठवड्याच्या शेवटी ते मला म्हणाले, "केराबाई, तुझं खालचं सगळं बरोबर असतं आणि वरचं सगळं चूक. ही काय भानगड आहे?" मला वाटलं, माझी आणखी एक चूक सापडली. मी हात पुढं केला.

परवा पुण्यात माझी नातसून मला पणतवाच्या शाळेत एका व्याख्यानाला घेऊन गेली. विषय होता मुलांमधला न्यूनगंड कसा ओळखावा. एक तरतरीत बाई पडद्यावर चित्रं दाखवत लक्षणं सांगत होत्या. मूल मान खाली घालून बोलतं, करून बघायच्या आधीच 'मला येत नाही' म्हणतं, दुसऱ्याचं बघून करतं, शाबासकी दिली तर घाबरतं. मी पहिल्या रांगेत बसून मनातल्या मनात हजेरी देत होते: हजर, हजर, हजर. मग उपाय आले. मुलाचं दिवसातून दहा वेळा कौतुक करा. आजूबाजूचे आईबाप ते लिहून घेत होते. आमच्या घरी हा उपाय आधीच चालू आहे. पणतू कागदावर वाकडी रेघ ओढतो आणि सात माणसं टाळ्या वाजवतात. तो पत्त्यात हरला की पत्ते फाडतो, आणि तरीही टाळ्या वाजवतात, कारण त्यानं भावना व्यक्त केलेल्या असतात. मी मास्तरकी केलेली बाई, मला हात वर केल्याशिवाय राहवेना. मी विचारलं, "बाई, कौतुक केलं आणि मूल तापानं फणफणलं तर?" सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करतेय.

विनोद नव्हता. हा उपाय आमच्या शिंदे मास्तरांनीही आधी करून पाहिला होता. एका संध्याकाळी ते टोपी सरळ करून आमच्या घरी आले. गूळपाणी झालं. आत्तीनं ठरल्याप्रमाणं "आमची केरी म्हंजी निव्वळ माठ" इथून सुरुवात केली. जाणत्या माणसानं इथं मान डोलवायची, पण मास्तर साताऱ्याचे. ते ताठ बसून म्हणाले, "मुळीच नाही. हिच्यासारखी हुशार मुलगी मी अजून पाहिली नाही. ही पोरगी नाव काढील."

आईच्या हातातली वाटी पडली. आबा उठून गोठ्यात गेले. आत्तीचा चेहरा असा झाला की जणू मास्तरांनी घरात साप सोडला.

"आवं मास्तर," ती म्हणाली, "तुमाला आमी काय वायीट केलंय वं?"

मास्तरांना काही कळेना. ते आणखी समजावू लागले, म्हणजे आणखी कौतुक करू लागले, आणि प्रत्येक वाक्याला आत्ती कानावर हात ठेवून "न्हाई वं, न्हाई वं, तसं काय न्हाई" असं छपराकडं बघून ओरडू लागली. शेवटी तिनं त्यांना चहाशिवाय घालवलं. आमच्या घरातून चहा न घेता गेलेला तो पहिला माणूस. मागोमाग सात मिरच्या, मीठ, मोहऱ्या, उंबऱ्याची माती, माझ्या पायाखालची धूळ असं सगळं उतरून चुलीत गेलं आणि आम्ही सगळे खोकत अंगणात आलो. आणि आमच्या दुर्दैवानं, किंवा मच्छरांच्या कृपेनं, तिसऱ्या दिवशी मला सणसणून हिवताप भरला. मग काय विचारता! आठ दिवस मी गोधडीखाली दात वाजवत होते आणि उशाशी बसून आत्ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "मास्तर चांगलं बोललं न्हवं!" बरी झाले तेव्हा मला दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या. मी माठ आहे ही एक, आणि मी शहाणी झाले तर मरेन ही दुसरी. चांगल्या हेतूनं केलेल्या कौतुकाची मला मिळालेली कमाई ती एवढी.

मास्तरांचं मोठेपण असं की ते रुसले नाहीत आणि शिकले. पुन्हा त्यांनी मला कधी हुशार म्हटलं नाही. त्यांनी एकच केलं. माझं पाटी पुसायचं फडकं काढून घेतलं आणि सांगितलं, "पुसायचं नाही. अंगठासुद्धा लावायचा नाही. चुकलं तर चुकलेलं राहू दे, मी मारणार नाही. पुसलंस तर मात्र मारीन." हे मला समजलं. मार कशाला आहे ते ठरलेलं असलं की मूल निवांत असतं. माझी उत्तरं पाटीवर राहू लागली. मास्तर बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, 'बरोबर' किंवा 'चूक'. हसायचे नाहीत, पाठ थोपटायचे नाहीत. 'बरोबर' हे गणिताबद्दल होतं, माझ्याबद्दल नव्हतं, त्यामुळं सटवाईनं त्यात नाक खुपसायचं कारण नव्हतं.

सातवीत एकदा त्यांनी गणित घातलं. सोळा बायका एक शेत बारा दिवसांत भांगलतात, म्हणजे त्यातलं तण काढतात, तर आठ बायका तेच शेत किती दिवसांत भांगलतील? जयसिंगानं पेन्सिल टेकवायच्या आधीच "सहा!" म्हणून मांडी ठोकली. निम्म्या बायका, निम्मे दिवस, पाटलाच्या घरचा न्याय. मास्तरांनी विचारलं, सहा कुणाकुणाचे आले? सगळ्या वर्गाचे हात वर गेले. माझाही हात सवयीनं अर्धा वर गेला, पण पाटीवर चोवीस लिहिलेलं होतं आणि पुसता येत नव्हतं. मास्तरांनी ते बघितलं.

"केराबाई, वाच."

"चोवीस."

वर्ग फिदीफिदी हसला. "का?" मास्तर म्हणाले.

मी जमिनीकडं बघून म्हणाले, "बायका कमी आल्या की भांगलन लांबती की जी. आमच्या मळ्यात दोगीजनी आल्या न्हाईत तर आत्ती दोन दिस शिव्या देती."

"बरोबर," मास्तर म्हणाले आणि फळ्याकडं वळले. बस्स. पण मी खाली बसले तेव्हा वर्गातली सगळी पोरं आपापल्या पाट्या पुसत होती, आणि पहिल्यांदाच माझी पाटी तशीच होती. जयसिंग सुद्धा पुसत होता. मला इतका आनंद झाला की मी घाबरून दुपारभर कुणाशी बोलले नाही.

सातवीची फायनल जवळ आली तशी घरात निराळीच फायनल सुरू झाली. पाटणकडचं एक स्थळ आबांच्या फौजेतल्या दोस्तानं आणलं होतं. घर बरं, मुलगा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, आणि त्यांना माठ सून चालणार होती, किंबहुना हवीच होती. मास्तरांनी आबांना गाठून सांगितलं की फायनल पास झाली तर मुलगी ट्रेनिंगला जाईल आणि मास्तरीण होईल, पगार मिळवील. आबांनी फौजी निकाल दिला: "पास तर टरेनिंग. नापास तर पाटन. डिसमिस." मला यात अवघड काही दिसलं नाही. मी नापास होणार, पाटणला जाणार, तिथं भाकरी थापणार, आणि आजवर जे जे माझ्याबद्दल बोललं गेलं ते सगळं खरं ठरणार. कुणाचा शब्द खोटा पडणार नाही. तेरा वर्षांच्या पोरीला एवढा समजूतदारपणा कुठून येतो, असं आज मी स्वतःलाच विचारते आणि माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

संस्थानं नुकतीच बुडाली होती आणि आमचं केंद्र त्या साली सांगलीला लागलं होतं. मुलं मास्तरांबरोबर निघाली. मुलींचं केंद्र वेगळं, आणि आमच्या गावातून मुलगी एकटी मीच. माझ्याबरोबर कोण जाणार? आबांना पोरीला परीक्षेला नेणं इभ्रतीला शोभेना, आईच्या मागं गुऱ्हाळावरच्या माणसांच्या भाकरी होत्या. उरली आत्ती. तिनं आयुष्यात आष्ट्याच्या बाजाराच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. धपाट्यांचं गाठोडं, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि माझी दौत घेऊन आम्ही बैलगाडीनं आष्ट्याला आलो, तिथून सर्व्हिस मोटारीनं सांगलीला. मोटारीत आत्ती सगळी वाट डोळे मिटून बसली. शेजारची बाई म्हणाली, "पोरगी परीक्षेला चालली व्हय? मग हुशार असंल की." आत्ती डोळे न उघडता म्हणाली, "कसली हुशार? माठ हाय. नुसती जाऊन बसून येणार." सांगलीत तिचा एक चुलतभाऊ हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांवर कामाला होता, त्याच्या खोलीत उतरलो. सकाळी माझं लुगडं, दप्तर, हातपाय सगळ्याला हळदीचा वास.

केंद्राच्या शाळेला दगडी पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवर शहरातल्या मुली घोळक्यानं उभ्या होत्या, परकर-पोलक्यात, रिबिनी बांधलेल्या, आणि एकमेकींना उत्तरं विचारत होत्या. त्यांचे आवाज जयसिंगासारखे होते. प्रत्येकीची मांडी ठोकलेली मला ऐकू येत होती. गावच्या मास्तरांचं 'बरोबर' इथं चालेल असं मला वाटेना. पहिली घंटा झाली, मुली आत गेल्या, आणि मी खालच्या पायरीवर बसकण मारली.

"ऊठ की गं," आत्ती म्हणाली.

"मी न्हाई जात."

"का?"

"मला काय येत न्हाई. मी माठ हाय."

"कोन म्हनलं?"

"तूच."

मी वर बघितलं तर आत्तीचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मग ती धपकन माझ्याशेजारी पायरीवर बसली.

"आगं भवाने, ते मी तुला म्हनत हुते व्हय?"

"मग कुनाला?"

तिनं आधी मागं बघितलं, मग वर आभाळाकडं बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "सटवीला. तिच्या कानावर जावं म्हनून. तू मधीच कशाला ऐकत बसलीस?"

"मला कुनी सांगितलंच न्हाई."

"ही काय सांगायची गोष्ट हाय? तुला सांगितलं आसतं तर तिनं बी ऐकलं आसतं न्हवं?"

आजवर मी अनेक विद्वानांशी वाद घातले आहेत, पण याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी रडायला लागले. रडत रडत एवढंच म्हणाले की म्हणजे मग मी कशी आहे ते मला कुणालाच माहीत नाही. वाक्य धड नव्हतं, पण आत्तीला कळलं असावं. तेवढ्यात शाळेचा शिपाई घंटेचा हातोडा हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. दुसरी घंटा झाली की दार बंद.

मी तिच्या तोंडाकडं बघत होते म्हणून हे लिहू शकते. आत्ती घाबरली होती. मोटारीत घाबरली होती तशी नव्हे. तिनं आपल्या हातांनी आईची दोन मुलं पुरायला दिली होती, आणि तिच्या दृष्टीनं ज्या शब्दांनी ती गेली तेच शब्द आता मी तिच्याकडं मागत होते. बोलली तर पोर मरेल, नाही बोलली तर पोर पायरीवरून उठत नाही. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग तिनं एकदम आपला पदर ओढून माझ्या डोक्यावरून घेतला, स्वतःचंही डोकं आत घातलं, आणि त्या हळदीच्या वासाच्या काळोखात माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, "शानी हायस तू. लय शानी हायस. आमच्या घरान्यात तुज्यावानी कुनी झालं न्हाई. आता जा, मेले, पळ."

मी पळाले. दार माझ्या पाठीला घासून बंद झालं.

पेपर कसा लिहिला ते मला फारसं आठवत नाही. शाई होती, पुसता येत नव्हतं, आणि पुसावंसं वाटलं नाही, एवढं आठवतं. बाहेर काय झालं ते त्या शिपायानं मला नंतर सांगितलं. ही म्हातारी तीन तास फाटकाला धरून उन्हात उभी होती. पाणी दिलं तर घेतलं नाही. दर थोड्या वेळानं विचारायची, "आतली पोरं बरी हाईत न्हवं?" तो शेवटी वैतागून म्हणाला होता, "आजीबाई, परीक्षेनं कुणी मरत नाही." त्यावर ती म्हणाली होती, "तुमाला काय म्हाईत हाय!"

निकाल लागला, मी पास झाले, पाटणचं स्थळ दुसऱ्या कुणा माठ मुलीला मिळालं, मी ट्रेनिंगला गेले आणि चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या उजेडात धरून बघत राहिले. ते सगळं पुढचं. त्या दुपारी मी फाटकातून बाहेर आले तेव्हा आत्तीनं पेपराचं नावसुद्धा काढलं नाही. तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पोलक्यात हात घालून पाठीला. "जीब दाव," म्हणाली. मी जीभ दाखवली. "डोळं वर कर." केले. भर रस्त्यात येणारेजाणारे हसत होते. मग तिनं मला दोन्ही दंडांना धरून नुसतं गदगदा हलवलं, जुंधळ्याचं पोतं हलवावं तसं.

कोपऱ्यावर एक भडंगवाला बसला होता. तिनं मला भडंगाचा पुडा घेऊन दिला आणि मी खाताना तोंडाकडं बघत राहिली.

"परत म्हननार न्हाई हां मी," ती म्हणाली. "येकदाच म्हनले."

पुढं ती पंचवीस वर्षं जगली. रोज मला माठ म्हणत राहिली, आणि मरायच्या आदल्या दिवशीही उशाशी आलेल्या डॉक्टरला तिनं सांगितलं की ही आमची केरी, नुसता माठ हाय. शानी मात्र तिनं पुन्हा कधीच म्हटलं नाही. मला ते एकदाच पुरलं. अजून पुरतंय.